पप्पांच्या वाटणीची लाकडं

ते घर मी निवडलं ते तिथे नेट नव्हतं म्हणून. वेबसाइटवर बाकीही पुष्कळ काय काय होतं. डोंगरउतारावरची कुरणं, झऱ्याचं पाणी, सूर्यावर चालणारे दिवे, निसर्गाला धक्का न लावता राहण्याचा आनंद वगैरे. ते सगळं मी वरवर वाचलं. माझी नजर थांबली ती एका ओळीवर. वर मोबाइलला रेंज येत नाही आणि वायफाय ठेवलेलं नाही, असं तिथे अगदी अभिमानाने लिहिलं होतं. मी लगेच बुकिंग केलं.

त्या वर्षी पप्पा नांदेडहून आमच्याकडे स्टुटगार्टला आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि एकटे. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येतं ते जर्मन. पप्पांना जर्मनचा ज पण कळत नाही. त्यामुळे पप्पा बोलले की तिला समजायचं, ती बोलली की पप्पा माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "काय म्हणायली?" मी सांगायचे. मी स्वयंपाकघरात किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले की त्या दोघांचं बोलणं तिथेच संपायचं.

पप्पा रोज दुपारी तिच्यासाठी संत्रं सोलून ठेवायचे. नुसतं सोलून नाही, प्रत्येक फोडीची शीर काढून, बशीत गोल मांडून. ती शाळेतून यायची, आजोबांना जर्मनमध्ये "हालो ओपा" म्हणायची, कानात हेडफोन घालायची आणि फोनकडे बघत त्या फोडी संपवायची. पप्पा समोर बसून ती खाते कशी ते बघायचे. मला दोघांचाही राग यायचा. तिचा, कारण ती मान वर करत नव्हती. पप्पांचा, कारण त्यांना त्यात काहीच कमी वाटत नव्हतं.

मला काय हवं होतं ते आधीच सांगून टाकते. आपण कुठून आलो हे माझ्या मुलीने तिच्या आजोबांच्या तोंडून ऐकावं, एवढंच मला हवं होतं. माझ्याकडून नाही, पुस्तकातून नाही, त्यांच्याकडून. पप्पा गावाबाहेरच्या वस्तीत वाढले. त्यांचे वडील गावकीची कामं करायचे, त्यात लाकडं फोडणं हे एक. गावात कुणाकडे लग्न निघालं की मांडवामागे ओंडके येऊन पडायचे, ते आमच्या आजोबांनी फोडायचे आणि त्या बदल्यात पंगती उठल्यावर उरलेलं अन्न घरी न्यायचं. पप्पा लहान असताना त्यांच्याबरोबर जायचे. एका लग्नात दिवसभर लाकडं फोडून झाल्यावर बापलेक मांडवामागे बसून राहिले, पंगतींवर पंगती उठत राहिल्या, आणि शेवटी कुणीतरी लांबूनच त्यांच्या टोपलीत अन्न टाकलं. पप्पा ती टोपली तिथेच ठेवून उठले आणि घरी चालत आले. पुढे वसतिगृह, इंजिनियरिंग, पाणीपुरवठा खात्यात नोकरी, इस्त्रीचे शर्ट. पण त्या दिवसानंतर त्यांनी कुऱ्हाडीला हात लावला नाही.

हे मला आईने सांगितलं, तेही तुकड्या तुकड्याने, मेथी निवडताना वगैरे. आमच्या कॉलनीत थंडीत सगळ्यांच्या अंगणात अंघोळीच्या पाण्याचे बंब पेटायचे. आमच्याकडे बंब नव्हता. आम्हाला वाटायचं पप्पांना धुराचा त्रास आहे. कॉलेजात गेल्यावर मी आईला एकदा विचारलं, तेव्हा तिने हे सगळं सांगितलं आणि वर बजावलं की त्यांच्यापुढे काढू नकोस. पप्पा जयंतीला स्टेजवर उभे राहून तासन् तास बोलतात, इतिहासावर, शिक्षणावर, कायद्यावर. माणसं टाळ्या वाजवतात. स्वतःचं मात्र एक वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

म्हणून ते नेट नसलेलं घर. मुलीचा फोन बंद पडेल, पप्पांना टेकायला बाक मिळेल, समोर डोंगर असतील आणि मग बोलण्यावाचून दोघांना गत्यंतर उरणार नाही, असा माझा हिशोब होता. तो किती बरोबर निघेल याची मला कल्पना नव्हती.

शाळेला फिंग्स्टच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरच्या, सुट्ट्या लागल्या आणि आम्ही निघालो. माझा नवरा कंपनीच्या स्टॉलसाठी हॅनोव्हरला गेला होता, त्यामुळे आम्ही तिघंच. दक्षिणेकडच्या आल्गॉयच्या डोंगराळ भागापर्यंत ट्रेन, पुढे बस, आणि बस जिथे संपते तिथून चढ. त्या घरापर्यंत गाडीरस्ता नाही. सामान वर नेण्यासाठी दोरावर चालणारा एक लाकडी पाळणा आहे, त्यात बॅगा ठेवल्या की त्या आपोआप डोंगर चढतात. पप्पांनी त्या पाळण्याकडे बघितलं, मग पायवाटेकडे बघितलं.

"अगं, सामानाला गाडी अन् माणसाला पायवाट? उलटं झालं की हे."

"चालायला म्हणूनच येतात पप्पा इथे लोक."

"आमच्याकडं लोक चालावं लागू नये म्हणून रस्ता मागतात," ते म्हणाले आणि इस्त्रीची पँट घोट्यापाशी दुमडून चालायला लागले. चढ त्यांना मानवला. सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्यापुढे चालत होता आणि मी मागे धापा टाकत होते.

घर खरंच सुंदर होतं. काळपट पडलेलं लाकूड, खिडक्यांत फुलं, खाली उतरत गेलेलं कुरण आणि त्यावर गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. ते घर चालवणारी बाई साठीची असावी, पांढऱ्या केसांची जाड वेणी, रापलेला चेहरा. पूर्वी ती शाळेत शिकवायची. तिने आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. पाणी झऱ्याचं. गरम पाणी चूल पेटलेली असेल तेवढाच वेळ. संडास पाण्याशिवायचा, वापर झाला की वरून लाकडाचा भुसा टाकायचा, त्याचं पुढे खत होतं. हे मी पप्पांना समजावून सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

"आख्खी नोकरी मी लोकांच्या घरात नळ पोचवण्यात घालवली, अन् तू मला हे दाखवायला आणलंस? पैसे मोजून गरिबी विकत घ्यायची, हे तुमचं नवीन दिसतंय."

ती बाई विचारायला लागली की काय म्हणाले. मी सांगितलं, त्यांना कल्पना फार आवडली.

मग तिने आम्हाला घरामागे नेलं. तिथे लाकडाची शेड होती. एका बाजूला फोडलेली लाकडं छतापर्यंत रचलेली, दुसऱ्या बाजूला ओंडक्यांचा ढीग, मध्ये ठोकळा आणि त्यात रुतवलेली कुऱ्हाड. भिंतीशी वेताच्या टोपल्या ओळीने मांडल्या होत्या. शेडच्या आडव्या तुळईवर रंगीत अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं, भोवती फुलांची वेल काढली होती. वेबसाइटवर लिहिलेलं मला आठवलं, की इथे सगळे पाहुणे थोडाफार हातभार लावतात. मला वाटलं होतं भांडी विसळायची असतील.

"काय लिहिलंय गं?" पप्पांनी विचारलं.

मला सवय अशी की विचारलं की भाषांतर करून मोकळं व्हायचं. मी वर बघितलं आणि वाचून दाखवलं. "आधी लाकूड, मग सूप."

माझ्या मुलीला ते गमतीचं वाटलं. त्या बाईने समजावलं की प्रत्येक पाहुण्याने रोज संध्याकाळच्या आत एक टोपली भरून लाकडं फोडायची, त्यावरच चूल पेटते आणि सगळ्यांचं जेवण होतं. मुलांसाठी छोटी कुऱ्हाड आणि हातमोजे आहेत. लोकांना हे फार आवडतं, ती म्हणाली, शहरातल्या माणसाला हाताने केलेल्या कामाची चवच माहीत नसते. ती हे मनापासून बोलत होती. मी ते पप्पांना सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, त्यांना टोपल्या दिसत होत्या.

पप्पांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, रुमालाची परत नीट घडी घातली.

"मी नाही म्हणावं त्यांना," ते म्हणाले. "दुसरं काही काम असलं तर करतो. झाडलोट करतो, पाणी आणतो. हे नाही."

मी सांगितलं. ती बाई लगेच म्हणाली, "आबर नाट्युअरलिश," म्हणजे अर्थातच, या वयात कशाला, बसू देत त्यांना निवांत. मी म्हटलं त्यांची टोपली मी भरते. पप्पांना तेवढ्यापुरतं जर्मन न शिकताही कळलं असावं. ते मराठीत म्हणाले, "माझ्या वाटणीचं कुणी फोडायचं नाही. तू तर नाहीच नाही." त्यांचा तो आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. मग मीही कुऱ्हाड घेतली नाही. त्या बाईला म्हटलं, मी दोन्ही वेळा भांडी घासते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनात म्हणत मी खोलीकडे वळले तर मागून ठक् ठक् आवाज आला. माझ्या मुलीने मोजे चढवले होते आणि ती छोटी कुऱ्हाड घेऊन ओंडक्यावर तुटून पडली होती. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं.

"राहू दे," पप्पा म्हणाले. "खेळू दे तिला."

त्या संध्याकाळी मसुराचं सूप, काळा पाव आणि चीज होतं. सगळे पाहुणे एका लांब टेबलाला बसले. पप्पा आले नाहीत. पोट जड आहे म्हणाले आणि नांदेडहून आणलेला चिवडा घेऊन बाहेर बाकावर बसले. चुलीवर शिजलेल्या त्या सुपाचा वास सगळ्या घरात भरला होता. माझी मुलगी स्वतः फोडलेल्या लाकडांवर शिजलेलं म्हणून तीनतीनदा मागून खात होती. मध्येच तिने खिडकीतून आजोबांकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, ओपा जेवत का नाहीत.

"पोट बरं नाही त्यांचं."

तिने डोकं हलवलं. तिला ते पटलं नव्हतं. मग ती जर्मनमध्ये जे बोलली त्याचा अर्थ असा, की स्वतः टोपली भरली नाही म्हणून ओपांना टेबलावर यायची लाज वाटते आहे. ते म्हातारे आहेत, त्यांना जमत नाही, आणि फुकट जेवायला त्यांना आवडत नाही. हो ना?

मी म्हटलं, तसं काही नाही, जेव तू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इतर मुलांबरोबर गाई बघायला पळाली आणि पप्पा आणि मी कुरणाच्या कडेकडेने चालायला निघालो. गवतावर दव होतं. पप्पा बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडांवरून चालत होते. मी काल रात्रभर मनात घोळवलेलं बोलून टाकलं.

"पप्पा, ती विचारते आहे. तिला वाटतंय तुम्हाला जमत नाही म्हणून तुम्ही लाजताय. सांगा ना तिला खरं काय ते."

"खरं काय?"

"आईने मला सांगितलं ते."

ते थांबले. "तिनं सांगितलं होय तुला? तिनं सांगायला नको होतं."

"का? तुम्ही जयंतीला स्टेजवर बोलता, हजारो लोकांपुढे. आणि घरातल्या एका पोरीला सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप?"

"ते समाजाचं असतं. हे माझं आहे."

मला संताप आला. माझा स्वभाव त्यांच्यासारखा नाही, मला आलेला राग पोटात ठेवता येत नाही. मी म्हटलं, "लाज वाटते का तुम्हाला त्याची?"

बोलले आणि वाटलं, आता ऐकावं लागणार. पण पप्पा चिडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी गणित चुकल्यावर बघायचे.

"लाज ज्यांनी ते करायला लावलं त्यांना वाटू दे. मला कशाची लाज? तू एक सांग. काल तू कुऱ्हाड का नाही घेतलीस?"

मी बुटाला लागलेला चिखल दगडावर घासायला लागले.

"तुला लाकडं फोडायला काय झालं होतं? तू कधी कुणाच्या मांडवामागं बसलीस? पण आईनं तुला सांगितलं अन् तेव्हापासनं तुझ्या हाताला ती कुऱ्हाड जड झाली. बघितलं ना मी काल. अन् ती पोरगी? मोजे घालून नाचत गेली. आपल्या सगळ्या घरात ती पहिली आहे, जिला लाकूड म्हणजे नुसतं लाकूड दिसतं. कशाला बिघडवायलीस?"

"म्हणजे तिला कळूच द्यायचं नाही?"

"कळेल की. मोठी होईल, वाचेल. सगळं लिहून ठेवलंय लोकांनी. पण ते माझ्याकडं बघून नको कळायला. आज मी तिचा आजोबा आहे. उद्या ती माझ्याकडं बघून बिच्चारे म्हणेल. इथली माणसं चांगली आहेत, शाळेत शिकवलंय त्यांना बिच्चारे म्हणायला. मला ते नको." मग म्हणाले, "तू पण सांगायचं नाहीस. मी असेपर्यंत नाही. शब्द दे."

"दिला," मी म्हटलं, दार आपटावं तसं. तिथे आपटायला दार नव्हतं.

मला ते चुकीचे वाटत होते. आजही मला वाटतं की ते चुकले, आणि आजही मी ते त्यांना पटवू शकणार नाही.

दुपारी पप्पा घरामागच्या बाकावर पेपर वाचत बसले होते. पेपर स्टुटगार्टहून आणलेला, जर्मन, फक्त फोटो बघायला. मी बाजूला बसून बटाटे सोलत होते. माझी मुलगी आली, मोजे चढवले आणि भिंतीकडून एक नाही, दोन टोपल्या ओढून आणल्या. मी विचारलं, दोन कशाला. तिने कमरेवर हात ठेवून मोठ्याने उत्तर दिलं, बाकावर बसलेल्या ओपांनाही ऐकू जावं असं.

"काय म्हणायली?" पप्पांनी पेपर खाली केला.

मी खोटं सांगू शकले असते. सांगितलं नाही. "ती म्हणते, आज मी ओपांच्या वाटणीचीही फोडणार. म्हणजे त्यांना आज जेवता येईल."

पप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं ते तिच्या हातातून कुऱ्हाड काढून घेणार. क्षणभर ते तसेच उभे होते आणि मग पुन्हा खाली बसले. पेपर त्यांनी परत उघडला नाही.

ती फोडायला लागली. पहिल्या टोपलीला सोपी लाकडं तिने निवडली होती, ती भराभर झाली. दुसऱ्या टोपलीला तिने हट्टाने एक मोठा ओंडका घेतला, मध्ये मुठीएवढी गाठ असलेला. कुऱ्हाड गाठीवर आपटायची आणि घसरायची. तिचे केस कपाळाला चिकटले, चेहरा लाल झाला. पप्पांचा गुडघा हलायला लागला. प्रत्येक घावाला त्यांचा खांदा अगदी थोडासा पुढे जायचा. मी बटाटे सोलायचं सोडून त्यांच्याकडे बघत होते. पुन्हा कुऱ्हाड घसरली, आणि या वेळी ती तिच्या बुटाच्या अगदी जवळ जमिनीत घुसली.

पप्पा तिथे कधी पोचले ते मला कळलंच नाही.

"पाय मागं. अजून मागं. असा." त्यांनी तिच्या घोट्याला धरून पाय सरकवला. मग ओंडका उचलला, उलटा केला, ठोकळ्यावर ठेवला, जरा फिरवला. "गाठीवर मारायचं नसतं बाळा. गाठ खाली ठेवायची. आता इथं बघ, ही बारीक चीर दिसती का? तिच्यावर. अन् ताकद लावू नको, कुऱ्हाडीचं वजन असतंच. तिला नुसती पडू दे."

तिने कुऱ्हाड उचलली आणि पडू दिली. ओंडका दोन्हीकडे उघडला. आत पिवळंधमक लाकूड होतं आणि डिंकाचा वास माझ्यापर्यंत आला. ती त्या दोन तुकड्यांकडे बघतच राहिली.

"नोखमाल!" ती ओरडली. परत.

पप्पांनी दुसरा ओंडका आणून ठेवला. फिरवला, बोटाने जागा दाखवली. तिने मारलं, तो उघडला. मग तिसरा. कुऱ्हाडीला त्यांनी हात लावला नाही, पण ढिगातून ओंडका निवडायचा, उचलून बघायचा, एखादा नको म्हणून बाजूला टाकायचा, हे त्यांचं चालू होतं आणि तोंडही चालू होतं. हा ओला आहे, याला ऊन दाखवायला पाहिजे. हा वाकडा वाढलाय, हा हट्टी असतो. हा गरीब आहे, दे याला. त्यांच्या शर्टाच्या बाह्या वर गेल्या होत्या, पाठीवर भुसा पडला होता. ती हसत होती, तेही हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि मी बटाट्यांकडे बघत होते.

दोन्ही टोपल्या भरल्या. ती ठोकळ्यावर बसली, मोजे काढले आणि आजोबांकडे वर बघितलं. फोन नाही, हेडफोन नाही, सगळं लक्ष फक्त त्यांच्याकडे.

"ओपा, वोहेर वाइस्ट दू दास?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "काय?"

"विचारते आहे," मी म्हटलं, "हे सगळं तुम्हाला कुठून माहीत?"

ते माझ्याकडेच बघत होते. मी शब्द दिलेला होता, मला बोलता येत नव्हतं. पण मनात मी हात जोडत होते. बोला, पप्पा, आता बोला. तिने स्वतः विचारलंय. एवढ्यासाठीच मी तुम्हाला या डोंगरावर आणलं. बिच्चारे म्हणणार नाही ती, बघा कशी बघते आहे तुमच्याकडे.

पप्पांनी शर्टावरचा भुसा झटकला. बाह्या खाली केल्या, बटणं लावली. मग वाकून तिचा गाल चिमटीत धरला.

"टीव्हीवर बघितलं होतं गं," ते म्हणाले.

"आख् झो," ती म्हणाली, म्हणजे अस्सं होय, आणि टोपली उचलून आत पळाली.

संध्याकाळी पप्पा टेबलावर आले. त्या बाईने दोन भरलेल्या टोपल्या बघितल्या आणि कौतुकाने विचारलं, एवढं कुणी फोडलं. माझ्या मुलीने शेजारी बसलेल्या आजोबांचा हात धरून उंच केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी म्हणाली. टेबलावर टाळ्या पडल्या. पप्पांनी मला विचारलं. मी सांगितलं, "म्हणते, आम्ही दोघांनी मिळून फोडलं." पप्पांनी त्यावर थोडा विचार केला. मग समोरचा वाडगा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मग वाढ." ते पोटभर जेवले. शेवटी पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला. सगळ्या खोलीत ते जेवताना कुणाला काही विशेष वाटलं नाही, फक्त मी त्यांच्याकडे बघत माझं सूप निवू दिलं.

पुढच्या वर्षी पप्पांच्या हृदयाचं निघालं आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला. आता ते नांदेडला असतात आणि आम्ही रविवारी व्हिडिओ कॉल करतो. ते विचारतात, जेवलीस का, ती म्हणते, जा ओपा, म्हणजे हो, आणि मग मी मध्ये पडून दोघांना थोडं पुढे ढकलते. दर सुट्टीत मी नांदेडला जाऊ म्हणते आणि दर सुट्टीत शाळेची सहल, नवऱ्याचं काम, माझं काम असं काही ना काही निघतं. एकदाच गेलो, तेव्हा तिथे पाहुण्यांची वर्दळ होती. पप्पा तिच्यासमोर संत्र्याची बशी ठेवून बसायचे. ती आता मोठी झाली आहे, बशीकडे बघून थँक यू म्हणते.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मैत्रिणी आमच्याकडे आल्या होत्या. आमच्या मागच्या बागेत शेकोटी करायची ठरलं, आणि लाकडं फोडायची वेळ आली तेव्हा माझ्या मुलीने सगळ्यांना बाजूला करून कुऱ्हाड हातात घेतली. मैत्रिणी थक्क झाल्या. त्यांनी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. ती अगदी अभिमानाने म्हणाली, माझ्या ओपांनी, भारतातल्या, आणि त्यांना कुणी शिकवलं माहीत आहे? टीव्हीने! सगळ्या हसल्या. ती हे इतक्या प्रेमाने सांगत होती की मला तिच्यावर रागावताही येईना. मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होते. शब्द दिलेला आहे आणि पप्पा आहेत, असावेत, खूप वर्षं असावेत. पण मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिने एकदा त्यांना विचारलं होतं, तोंड वर करून, मनापासून. तिला उत्तर मिळालं. आता ती पुन्हा विचारणार नाही.